जिवंत माणसाचं प्रायश्चित्त

एन-शकेद गावाला आपल्या धर्माचरणाचा भारी अभिमान होता. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी तिथे कोणी वाळकी काटकीही उचलत नसे. शेजाऱ्याच्या बांधाचा दगड उचलून हातभर पलीकडे सरकवायचा तर त्यासाठी आठवड्याचे बाकीचे दिवस होतेच. घरात मूर्ती ठेवायची नाही, ही आज्ञाही गाव काटेकोर पाळायचं. म्हणून मूर्ती कणगीत ठेवलेल्या असत. पावसाच्या परक्या देवाची, बआलाची, मातीची बाहुली गव्हात गळ्यापर्यंत पुरली की पाऊस वेळेवर पडतो आणि परमेश्वराच्याही ती नजरेस पडत नाही, असा सगळ्यांचा पक्का समज होता. आकाश आणि पृथ्वी घडवणाऱ्याला कणगीत डोकावता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

एलदादच्या कणगीतही अशी एक बाहुली होती. पण त्याच्या बायकोचा, अबीतालचा, जीव ना त्या बाहुलीत होता ना बेथेलच्या देवळातल्या वेदीत. तो होता गोठ्यातल्या कालवडीत. मधाच्या पोळ्यासारखा रंग म्हणून तिचं नाव नोफेत. अबीतालने माहेरून आणलेल्या गाईच्या पोटची ती शेवटची. दोन्ही मुली लग्न होऊन खोऱ्यापलीकडे गेल्या आणि घर रिकामं झालं, तेव्हापासून अबीतालने सगळी माया या जनावरावर ओतली होती. स्वतःच्या ताटातली भाकर मोडून तिला द्यायची, कपाळ खाजवायचं, सातूची पेज कोमट करून पाजायची.

"अगं, नांगराला एक जनावर कमी पडतंय," एलदाद दर पेरणीला म्हणायचा. "नुसती बसून खाते ती."

"तुम्हीही वेशीत बसूनच असता की दिवसभर," अबीताल म्हणायची. "तिच्या मानेवर जू ठेवलंत तर दुसरी बाजू तुमच्या मानेवर ठेवीन. सांगून ठेवते."

एलदाद वेशीकडे निघून जायचा. तो स्वभावाने वाईट नव्हता. बिचाऱ्याला एकच ध्यास होता, की वेशीतल्या दगडी बाकावर, जिथे गावचे वडीलधारे बसून न्यायनिवाडा करतात, तिथे आपल्यालाही जागा मिळावी. सध्या तो बाकाच्या बाजूला, जमिनीवर बसायचा आणि वडीलधाऱ्यांनी मान हलवली की त्यांच्यामागून मान हलवायचा.

गव्हाची कापणी सुरू झाली होती आणि सप्ताहांचा सण, म्हणजे पिकाचा उत्सव, तोंडावर आला होता. अशात एका सकाळी म्हातारा शेळीवाला धापा टाकत वेशीत आला. एन-शकेद आणि शेजारचं बेथ-रिम्मा या दोन गावांच्या मधे जो ओढा आहे, त्याच्या काठावर एक परका माणूस मरून पडला होता. डोक्याला जखम, रक्त सुकलेलं. कोणी मारलं, कधी मारलं, काही पत्ता नाही.

"मेलाय हे कशावरून?" कोणीतरी विचारलं.

"मी काय हात लावून बघू?" म्हातारा फिस्कारला. "सण तोंडावर आलाय. प्रेताला शिवलो तर सात दिवस विटाळ. सणाचं कोकरू तुम्ही खाणार आणि मी काय शेळीची शेपटी चघळू?"

हे सगळ्यांना पटलं. वेशीतून दिसणाऱ्या त्या काळ्या ठिपक्याकडे लांबून बघून वडीलधाऱ्यांनी ठरवलं, की मेलाच आहे. आता पुढचं काय, ते नियमशास्त्रात स्पष्ट होतं. शेतात कोणी मारलेला सापडला आणि मारणारा ठाऊक नसला, तर सगळ्यात जवळचं गाव कोणतं ते दोरीने मोजायचं. त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी मानेला कधी जू न लागलेली कालवड वाहत्या ओढ्यापाशी न्यायची, तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे, आणि या मरणात आमचा हात नाही असं परमेश्वरापुढे म्हणायचं. मग गाव निर्दोष.

जिच्या मानेला कधी जू लागलेलं नाही अशी कालवड सबंध पंचक्रोशीत एकच होती. अबीतालच्या लाडांनी तिला त्यासाठी अगदी तयार करून ठेवलं होतं.

एलदाद घरी आला तो पळतच. त्याचा चेहरा एवढा उजळलेला होता, की अबीतालला वाटलं मुलीकडून काही गोड बातमी आली.

"अगं ऐक, बाकावरच्या थोरल्या अम्मीएलनी स्वतः माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर! म्हणाले, एलदाद, आज तू आमच्या रांगेत उभा राहायचं. हात धुवायला. पुढे बाकावर जागाही..." तो बोलता बोलता गोठ्याकडे वळला आणि दावं सोडू लागला.

अबीतालने त्याचा हात धरला. "तिला कुठं नेताय?"

त्याने सांगितलं. शक्य तेवढ्या वळणांनी सांगितलं, पण शेवटी कालवडीच्या मानेपाशी यावंच लागलं.

"ती माझी आहे," अबीताल म्हणाली. "माहेरची आहे. तिची मान मोडून तुम्हाला बाकावर बसायचंय?"

"अगं, हे धर्माचं काम आहे. आणि कदाचित लागणारही नाही. मोजणीत बेथ-रिम्मा जवळ निघालं तर त्यांचं ते बघतील."

या एका आशेवर अबीताल त्याच्यामागून निघाली. एलदादने गाढवावर दोर, हात धुवायचं भांडं आणि पाण्याची कातडी पिशवी लादली होती. गाढव त्याने तिच्या हाती दिलं आणि कालवड स्वतःकडे ठेवली. नोफेत आनंदाने चालत होती. तिला वाटलं असणार, कुरणात चाललोय.

ओढ्यावर दोन्ही गावं जमली होती. मधे तो माणूस पालथा पडलेला, मान एका बाजूला कललेली, आणि त्याच्याभोवती, विटाळ पोचणार नाही एवढ्या अंतरावर, माणसांचं कडं. बेथ-रिम्माचा मुख्य वडीलधारा शल्लूम भलामोठा माणूस, आवाजही तसाच. मोजणी सुरू झाली आणि लगेच अडली. ओढा दोन्ही गावांच्या बरोबर मधे. मेलेल्याचं डोकं एन-शकेदकडे, पाय बेथ-रिम्माकडे.

"पायांपासून मोजा," अम्मीएल म्हणाला. "माणूस पायांनी चालतो."

"हा आता चालत नाहीये," शल्लूम म्हणाला. "डोक्यापासून मोजा."

"तुमच्या गावात कधीपासून डोक्याला महत्त्व आलं?"

"तुमच्याकडे पाहुणा मेला तेव्हापासून!"

हसाहशी झाली. उन्हं चढू लागली. बायकांनी पदर डोक्यावर ओढले, कोणी भाजलेली कणसं काढली. एवढ्यात बेथेलचा याजक मत्तन आला. तो योगायोगाने जवळच्याच वाडीवर पहिल्या पिकाचा वाटा घ्यायला आलेला होता. निरोप मिळताच गाढवावर बसून निघाला. बेथेलचा याजक इतक्या लहान गावांकडे फिरकतही नसे. त्याला पाहताच दोन्ही गावांनी वाकून नमस्कार केला आणि एन-शकेदच्या लोकांनी घाईघाईने एक कोकरू भाजायला घातलं.

मत्तनने दोन्ही बाजू ऐकल्या, दाढी कुरवाळली आणि निवाडा दिला. "परमेश्वराने आदामाच्या नाकात श्वास फुंकला आणि मनुष्य झाला. तेव्हा माणसाचं मोजमाप नाकापासून करावं."

सगळ्यांनी वाहवा केली. केवढं ज्ञान! नाकापासून दोरी लावली तेव्हा एन-शकेद जवळ निघालं. नाकात श्वास असतो हे एवढ्या लोकांनी एका आवाजात मान्य केलं, पण त्या नाकापाशी श्वास आहे का बघावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बेथ-रिम्माची मंडळी सुटकेचा श्वास टाकून टेकडीच्या उतारावर बसली, तमाशा बघायला बसावं तशी. आणि एन-शकेदचं नवल असं, की सकाळपासून हे प्रेत आपल्या गळ्यात पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणाऱ्या माणसांना आता एकदम मोठं झाल्यासारखं वाटू लागलं. बेथेलचा याजक आपल्या गावासाठी उभा! बेथ-रिम्माने बसून बघावं! अम्मीएलने अंगरखा झटकला. एलदादने दाढीला तेल लावलं होतं ते दुसऱ्यांदा चाचपून पाहिलं.

अबीताल मात्र नोफेतला चिकटून उभी राहिली. नोफेत शांतपणे तिच्या कोपराला नाक घासत होती. काहीतरी करायला हवं होतं. मोजणी चुकली असेल. दोरी ओढली गेली असेल. तिने त्या माणसाच्या नाकाकडे पुन्हा पुन्हा पाहिलं, कारण सगळं त्या नाकावर अडलं होतं.

नाकासमोर मळणीचा भुसा पडलेला होता. तो हलला. थांबला. पुन्हा हलला. वारा नव्हता.

अबीताल खोटं बोलणारी बाई नव्हती, म्हणून तिच्याबद्दल इथे खरंच सांगायला हवं: त्या क्षणी तिला त्या माणसाची दया आली नाही. तिला एवढंच कळलं, की हा जिवंत असला तर आपली कालवड वाचते. ती कडं ओलांडून पुढे गेली, खाली बसली आणि त्याच्या मानेला हात लावला. मान गरम होती.

"शिवली! बाई प्रेताला शिवली!" सगळं कडं चार पावलं मागे सरलं.

"प्रेत कसलं," ती ओरडली. "श्वास चालू आहे याचा!"

तिने त्याला उताणं केलं आणि तिचे हात थांबले. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. काल संध्याकाळी हा माणूस वेशीच्या चौकात बसून होता. वाटसरूने चौकात बसायचं आणि गावाने त्याला घरी न्यायचं, ही बापजाद्यांची रीत. एन-शकेदमध्ये ही रीत अजून निम्मी पाळली जात होती: वाटसरू बसायचा. जो तो त्याला पुढच्या घरी विचारायला सांगत होता. अंधार पडता पडता तो अबीतालच्याही दारी आला होता. म्हणाला होता, बाई, काही गरम असेल तर वाटीभर द्या. तिच्या हातात पेजेचं भांडं होतं. ती म्हणाली होती, ही कालवडीची आहे. मग तो ओढ्याच्या वाटेने निघून गेला होता.

आता मात्र तिला दया आली. लाजही वाटली, आणि ती इतकी लागली की कालवडीचा तिला क्षणभर विसर पडला. गाढवावरची पाण्याची पिशवी तिने ओढून घेतली आणि त्याच्या ओठांवर पाणी ओतलं. तो खोकला. डोळे उघडून त्याने तिच्याकडे, मग त्या गर्दीकडे पाहिलं. "मी... मेलो नाहीये," तो म्हणाला.

टेकडीच्या उतारावर कुजबुज झाली. अम्मीएलने मत्तनकडे पाहिलं, मत्तनने भाजत असलेल्या कोकराकडे.

"महाराज," अबीताल म्हणाली, "ऐकलंत ना? आता कालवड सोडा."

मत्तनने घसा खाकरला. "मनुष्य जिवंत की मृत, हा निवाडा आहे. निवाड्याला दोघांची साक्ष लागते. हा स्वतः एक. पण ज्याच्याबद्दल निवाडा चाललाय त्याची साक्ष त्याच्याच कामी कशी धरणार?"

"मी आहे की."

"बाईमाणसाची साक्ष वेशीत चालत नाही, वहिनी," अम्मीएल समजावणीच्या सुरात म्हणाला.

"आपण वेशीत कुठं आहोत? ओढ्यावर आहोत."

उतारावरची मंडळी फिदीफिदी हसली. अबीताल तिकडे वळली. "शल्लूमकाका, तुम्ही तरी या. एकदा हात लावून बघा आणि सांगा यांना."

शल्लूमने दोन्ही हात मागे बांधले. "आमचा संबंध नाही, बाई. मोजणी झाली. मेलेला असला तरी तुमचा, जिवंत असला तरी तुमचाच."

मग अम्मीएल तिच्याजवळ आला, म्हणजे हाताला लागणार नाही इतक्या जवळ, आणि आवाज उतरवून बोलला. त्याला वाटत होतं की आपण तिच्या भल्याचंच सांगतोय. "हे बघ, मेलेल्या माणसाचं प्रायश्चित्त नियमशास्त्रात दिलेलं आहे. सरळ काम आहे. कालवड, पाणी, प्रार्थना, संपलं. जिवंत माणसाचं काय करायचं? हा बोलणार. काल कुणाकुणाच्या दारी गेला ते सांगणार. बेथ-रिम्मावाले ऐकतायत, याजक ऐकतोय. तुझ्या दारी आला होता की नव्हता?"

"आला होता," अबीताल म्हणाली. "आणि मी हाकलला. तुमच्याही दारी आला असेल."

अम्मीएल सरळ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "बाई उन्हाने भ्रमलीये."

आता एकच माणूस उरला होता. रांगेच्या टोकाला एलदाद उभा होता, नोफेतचं दावं हातात गुंडाळून. आयुष्यात पहिल्यांदाच तो रांगेत होता; बाजूला नव्हे, मागे नव्हे, रांगेत. अबीतालने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"अहो, या ना इकडे. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. फक्त हात लावा याला. गरम आहे हो तो. हात लावा आणि एवढंच म्हणा, की जिवंत आहे. तुम्ही पुरुष आहात, तुमचं ऐकतील. नोफेतही वाचेल, हाही वाचेल."

एलदादने त्या माणसाकडे पाहिलं. त्या माणसाने एलदादकडे पाहिलं, पापण्याही हलवल्या. एलदादला ते दिसलं, याबद्दल शंका नको. त्याची बोटं दाव्यावर घट्ट झाली. मग त्याने अम्मीएलकडे पाहिलं, अम्मीएलच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मला इथून नीट दिसत नाही, अबीताल. डोळ्यांवर ऊन येतंय."

"मग जवळ या!"

"सण आहे गं," तो पुटपुटला.

नोफेतची मान त्यांनी ओढ्याच्या खालच्या अंगाला मोडली, जिथे कधी नांगर चालला नव्हता. गावातल्या दोन दांडग्यांनी ते काम केलं. नोफेतने फार त्रास दिला नाही. माणसाच्या हाताची तिला भीतीच नव्हती, आयुष्यभर त्या हातांनी फक्त कुरवाळलं होतं. अबीतालने त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं होतं, त्यामुळे तिला कान झाकता आले नाहीत. मग रांग पुढे झाली. मत्तनने भांड्यातून पाणी घातलं. वडीलधाऱ्यांनी आपले हात नीट, बोटांच्या फटींपर्यंत, कालवडीवर धुतले आणि एका सुरात म्हणाले, "या माणसाच्या मरणात आमचा हात नाही. आम्ही काही पाहिलेलं नाही." एलदादचा आवाज सगळ्यांत स्वच्छ होता.

"कोणासाठी चाललंय हे?" त्या माणसाने क्षीण आवाजात विचारलं.

"तुमच्यासाठीच," अबीताल म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या कपाळावर पडत होतं. "तुम्ही मेलात म्हणून. नाव काय तुमचं?"

"जब्दी. दान प्रांतातला. जनावरांच्या गळ्यातले कातडी पट्टे विकतो. वाटेत दोघांनी गाठलं... बाई, हे लोक मला पुरणार तर नाहीत?"

प्रश्न वेडगळ नव्हता. कारण मत्तन हात पुसत म्हणालाच, "आता सूर्य मावळायच्या आत मूठमाती द्या. आणि चला, कोकरू जळेल." खड्डा खणायला दोन परधर्मी कनानी मजूर बोलावले होते, त्यांना विटाळाशी देणंघेणं नव्हतं, खणायला सांगितलं की ते खणायचे.

त्या क्षणी अबीतालच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. तिने जब्दीला हाताला धरून उठवलं आणि ओढत, ढकलत गाढवावर बसवलं. तो गाढवाच्या मानेवर ओणवा झाला.

"बाई, प्रेत कुठं नेतेस?" अम्मीएल ओरडला.

"घरी."

"थांबवा तिला!"

पण थांबवणार कोण आणि कसं? प्रेताला शिवलेली बाई, तिच्या हातातलं गाढव, गाढवावर प्रेत. ज्याला हात लावायचा नाही त्याला अडवता येत नाही. ती चालत गेली तशी गर्दी दोन्ही बाजूंना फाटत गेली. मोठमोठी माणसं अंगरखे गोळा करून उड्या मारत बाजूला झाली. कनानी मजूर फावड्यांवर रेलून बघत राहिले. त्यातला एक दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघं मान खाली घालून हसले. वेशीतून, दगडी बाकासमोरून, चौकातून अबीतालने आपल्या मेलेल्या माणसाला घरी नेलं.

घरी गेल्यावर तिने त्याची जखम तेलाने आणि द्राक्षारसाने धुतली. चूल पेटवली, मसुरीचं कालवण केलं, भाकरी थापल्या. गोठ्यात पेजेचं भांडं तसंच होतं. तिने ते घासून ठेवलं. त्याकडे बघवत नव्हतं तिला.

संध्याकाळी एलदाद आला. दिवसभर लोकांनी त्याचं कौतुक केलं होतं. बाकावर त्याला बसायला मिळालं होतं, म्हणजे टोकाला, पण बाकावरच. मत्तनच्या पंक्तीला मात्र त्याला बसवलं नव्हतं, कारण त्याची बायको विटाळलेली. त्यामुळे त्याच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. दार उघडं होतं. मसुरीचा वास बाहेर येत होता. त्याने उंबऱ्यावर ठेवायला पाय उचलला.

"थांबा," अबीताल आतून म्हणाली. "आत प्रेत आहे."

एलदादचा पाय हवेतच राहिला.

"ज्या छपराखाली प्रेत, ते घर सात दिवस विटाळलेलं. जो आत येईल तोही विटाळलेला. तुमच्या मत्तन महाराजांनाच विचारा. तुमचा सणाचा अंगरखाही आत आहे. तोही गेला विटाळात."

आत जब्दी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता आणि सावकाश, दुखऱ्या जबड्याने भाकर चावत होता. एलदादला तो स्पष्ट दिसत होता. दिव्याचा उजेड थेट त्याच्या तोंडावर होता, आणि आता डोळ्यांवर ऊनही नव्हतं.

"अगं, आता पुरे ना," तो दबक्या आवाजात म्हणाला. "झालं ते झालं. जेवतोय तो. दिसतंय मला."

"काय दिसतंय?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. काय दिसतंय ते एकदा मोठ्याने सांगा आणि आत या. जिवंत असेल तर घर शुद्ध. गरम पाणी ठेवते, जेवायला वाढते. माझी नोफेत परत येणार नाही, पण तुमच्याशी माझं भांडणही राहणार नाही. शपथ."

ती खरोखरच वाट बघत होती. एवढं सगळं होऊनही तिला आशा होती. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली होती. एक शब्द तर हवा होता. तिने दिवाही थोडा पुढे सरकवला, त्याला आणखी नीट दिसावं म्हणून.

एलदादने गल्लीत पाहिलं. समोरच्या माळवदावर अम्मीएलची सून वाळत घातलेले अंजीर गोळा करत होती, फार सावकाश. पलीकडे दोन डोकी भिंतीवरून दिसत होती. त्याने श्वास घेतला, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "मेलेला आहे! मी साक्ष देतो, मेलेला आहे!"

माळवदावरून संतोषाचा एक हुंकार आला. डोकी खाली गेली. गल्ली रिकामी झाली.

जब्दीने चावणं थांबवलं. अबीताल उठली, त्याच्या ताटात आणखी थोडं कालवण वाढलं, आणि म्हणाली, "जेवा तुम्ही. तुमच्याबद्दल नव्हतं ते."

एलदाद गेला नाही. तो तिथेच घुटमळत राहिला. वास येतच होता. थोड्या वेळाने त्याने पुन्हा एकदा गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, कोणी नव्हतं. मग त्याने उंबऱ्याच्या आत नुसता हात घातला, तळवा वर करून.

"एक भाकर दे गं," तो कुजबुजला. "भुकेने जीव चाललाय."

अबीतालने त्या हाताकडे पाहिलं. गोरा, स्वच्छ, बोटांच्या फटींपर्यंत धुतलेला हात. तिने त्यावर गरम भाकर ठेवली. तो हात झटकन अंधारात गेला आणि बाहेरून घाईघाईने खाण्याचा आवाज येऊ लागला.

तिने दार लोटून घेतलं आणि आतून अडसर घातला.